मदत हवी आहे: डीओएजेने आमच्या जर्नलचा अर्ज फेटाळला, सहा महिने थांबणं शक्य नाही

पानगळ:
मंडळी, घाईत लिहितेय. आम्ही काही जणांनी मिळून एक ओपन अ‍ॅक्सेस ऑनलाइन जर्नल सुरू केलंय. वाचकाकडून पैसे नाहीत, लेखकाकडूनही नाहीत, पीअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या जाणकारांकडून लेखांची तपासणी) वगैरे सगळं रीतसर. डीओएजे म्हणजे ओपन अ‍ॅक्सेस जर्नलांची ती आंतरराष्ट्रीय यादी, तिच्याकडे अर्ज केला तर त्यांनी फेटाळला आणि आता म्हणे सहा महिने परत अर्जच करता येणार नाही. इकडे पुढच्या अंकासाठी लेख मागायला गेलं की पहिला प्रश्न, डीओएजेत आहात का, नाही म्हटलं की माणूस गायब. यातून काही वाट आहे का? अपील असतं का? आणि कृपया "ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे काय" इथपासून सुरुवात करू नका, ते माहिती आहे.

खिळेकरी:
अपील असतं. पण कारण खरं असेल तर अपील करून काय मिळणार? फेटाळताना काय लिहिलं होतं ते टाका. आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) आहे का, किती लेख प्रसिद्ध झालेत, साइट कशावर आहे, लायसन्स कोणतं, यातलं काहीच सांगितलं नाहीत.

पानगळ:
मेल लांबलचक आहे, थोडक्यात काय तर निकष पूर्ण होत नाहीत. आयएसएसएन आहे हो. एक अंक निघालाय. लायसन्स सीसी बाय, म्हणजे श्रेय देऊन कोणीही वापरावं.

बोरूबहाद्दर:
डीओएजेच्या नादी लागू नका. आधी इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचे सरासरी किती दाखले दिले जातात तो आकडा) घ्या, लेखक रांग लावतील. मला मेल येत असतात, थोडी फी भरली की आठवड्यात सर्टिफिकेट देतात, हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

निवडुंग:
बोरूकाका, ते सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावायच्या कामाचं. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट ही कंपनी देते, त्यांच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये, आणि तो पैसे भरून मिळत नाही. बाकी जे "ग्लोबल", "युनिव्हर्सल" वगैरे फॅक्टर विकतात ते निव्वळ आकडे बनवतात. असला आकडा साइटवर दिसला की डीओएजेवाले अर्ज तिथेच बाजूला ठेवतील. ताई, चुकूनही लावू नका.

बोरूबहाद्दर:
सगळेच लावतात.

निवडुंग:
सगळे नाही, भुरटे लावतात.

खिळेकरी:
भांडण बाजूला ठेवा. पानगळ, एक अंक म्हणजे किती लेख? नव्या जर्नलला एक तर वर्षभराहून जास्त काळ छापत असल्याचं दाखवावं लागतं नाहीतर किमान दहा लेख लागतात.

पानगळ:
सात. पण दर्जा बघा ना, आकडा काय बघता. आणि १४० पानांची पीडीएफ आहे, छान डिझाइन करून घेतलीय.

खिळेकरी:
थांबा. १४० पानांची म्हणजे अख्खा अंक एकाच पीडीएफमध्ये?

पानगळ:
हो. अंक आहे तो, तुकडे कशाला करायचे? अनुक्रमणिकेवर क्लिक केलं की त्या पानावर जातं.

खिळेकरी:
मग मेलमध्ये हे कारण नक्की असणार, परत वाचा. डीओएजेला प्रत्येक लेखाचं स्वतःचं पान, स्वतःची लिंक आणि तिथे पूर्ण मजकूर लागतो. नुसता डीओएजेचा हट्ट नाही हा. गूगल स्कॉलरलाही (गूगलचा संशोधन लेख शोधायचा विभाग) प्रत्येक लेख वेगळ्या फाइलमध्ये हवा असतो, नाहीतर तुमच्या सात लेखांपैकी एकही धड सापडणार नाही. संशोधक अंक शोधत नाही हो, लेख शोधतो. छापील जमान्यात बाइंडिंग होतं म्हणून अंक होता, आता वाचणारा थेट लेखावर येऊन पडतो आणि जर्नलचं नाव त्याला नंतर कळतं, कळलं तर.

शून्यमध्य:
ओजेएस टाका, विषय संपला. ओपन जर्नल सिस्टिम्स, जर्नल चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, पब्लिक नॉलेज प्रोजेक्टवाल्यांनी (पीकेपी) २००१ साली काढलं, आज जगभर हजारो जर्नल्स त्यावर चालतात. प्रत्येक लेखाला पान आपोआप, स्कॉलरला लागणारे मेटाटॅग (पानाच्या कोडमधली लेखाची माहिती) आपोआप, ओएआय-पीएमएच फीड (इतर साइटना लेखांची माहिती उचलता येते ती सोय) आपोआप, सबमिशन ते रिव्ह्यू ते प्रकाशन सगळं एका जागी. वर्डप्रेसवर असाल तर आजच हलवा.

पानगळ:
वर्डप्रेसवरच आहोत. हलवायचं म्हणजे सर्व्हर लागणार ना? आमच्यात तसलं कळणारं कुणी नाही.

रातकिडा:
शून्यमध्य, तुम्ही इन्स्टॉल करून सोडून देणाऱ्यांपैकी दिसता. मी एका जर्नलचं ओजेएस सांभाळतो म्हणून सांगतो, अपग्रेडला घाम फुटतो, कॅप्चा लावला नाही तर खोट्या युजरांनी यादी भरून जाते, सर्व्हरचं मेल सेटिंग गंडलेलं असेल तर रिव्ह्यूअरला गेलेल्या मेल स्पॅममध्ये पडतात आणि आपण आपले महिनाभर वाट बघत बसतो की हा माणूस उत्तर का देत नाही. आणि अपलोडचं फोल्डर वेबच्या फोल्डरबाहेर ठेवायचं असतं, ते किती जण ठेवतात? वर्षाला दहा-बारा लेखांच्या जर्नलला वर्डप्रेस पुरतं. लेखागणिक एक पोस्ट करा, मेटाटॅगची सोय करा, झालं.

शून्यमध्य:
आणि रिव्ह्यू काय एक्सेलमध्ये ठेवायचे?

रातकिडा:
हो. दहा लेखांना एक्सेल पुरतं.

शून्यमध्य:
दोन वर्षांनी कुठल्या लेखाला कोणी रिव्ह्यू केलं आणि कोणता ड्राफ्ट शेवटचा हे त्या एक्सेलमध्ये शोधून दाखवा. शिवाय जतनाचं काय? पीकेपीचं प्रिझर्व्हेशन नेटवर्क ओजेएसवाल्यांना फुकट आहे. २००० ते २०१९ या काळात १७४ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्स वेबवरून साफ नाहीशी झाली असं एका अभ्यासात निघालं होतं. डोमेनचं नूतनीकरण कोणी करायचं हे ठरलेलं नसतं, उत्साही माणूस नोकरी बदलतो, की गेलं.

निवडुंग:
हा मुद्दा मान्य. प्लॅटफॉर्म कुठलाही घ्या पण जतनाची सोय हवीच.

दूरदेशी:
मुळात अजून एक जर्नल हवंय कशाला? लेख प्रीप्रिंट सर्व्हरवर (रिव्ह्यूआधीच लेख खुले ठेवतात त्या साइटवर) टाका आणि त्यावर ओव्हरले जर्नल चालवा. गणितात टिमोथी गॉवर्स या गणितज्ञांनी 'डिस्क्रीट अ‍ॅनालिसिस' असंच काढलं, लेख आर्काइव्ह (arXiv) या प्रीप्रिंट सर्व्हरवर, जर्नल म्हणजे फक्त रिव्ह्यू आणि लिंक. होस्टिंगची कटकट नाही, पीडीएफ किती पानांची हा वादच नाही.

पानगळ:
आमचा विषय गणित नाही, सामाजिक शास्त्रं आहेत, आणि आमचे निम्मे लेखक प्रीप्रिंट म्हटलं की "मग चोरीला जाईल" म्हणतात. मूळ प्रश्नावर या ना कुणीतरी. समजा लेख वेगळे केले आणि अजून तीन छापले तर पुरेल का?

खिळेकरी:
सातातले किती लेख तुमच्या स्वतःच्या संपादक मंडळींचे आहेत?

पानगळ:
तीन. पहिल्या अंकाला बाहेरचं कोण देतंय? आणि ते रिव्ह्यू झालेत, लेखकाने स्वतःचा लेख हाताळलेला नाही.

खिळेकरी:
अडचण रिव्ह्यूची नाही, प्रमाणाची आहे. संपादक, मंडळातले सदस्य आणि रिव्ह्यूअर यांचे लेख अंकात पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, शेवटचे दोन अंक बघतात. सातात तीन म्हणजे चाळीसच्या वर. म्हणजे पुढचे सगळे लेख बाहेरून आणले तरी या अंकाचं प्रमाण बदलत नाही, हा अंक शेवटच्या दोनातून मागे पडेपर्यंत थांबावं लागेल. सहा महिन्यांत तसे दोन अंक निघाले तर तुमचं नशीब, पण त्यासाठी घाईने भरती करू नका. आणि मंडळात किती जण आहेत?

पानगळ:
चौघं. एकाच विभागातले आहोत.

निवडुंग:
किमान पाच लागतात, नाव आणि संस्था साइटवर दिसायला हवी. आणि पाचवा बाहेरचा घ्या हो, घरचंच मंडळ दिसलं की कोणीही भुवया उंचावणार. फक्त विचारून घ्या, नाव परस्पर टाकायची पद्धत भुरट्या जर्नलांची.

दूरदेशी:
अवांतर: डबल ब्लाइंड रिव्ह्यू करता का, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर एकमेकांना माहीत नाहीत असा? छोट्या विषयात सगळे सगळ्यांना ओळखतात, लेख वाचूनच कळतं कोणाचा ते. त्यापेक्षा ओपन रिव्ह्यू करा, नावानिशी.

रातकिडा:
नावानिशी केलं तर ज्युनिअर माणूस सिनिअरच्या लेखावर खरं लिहील का? त्याला नोकरी करायचीय पुढे.

दूरदेशी:
न लिहिणारा निनावी असतानाही लिहीत नाही.

शून्यमध्य:
वेगळा धागा काढा यावर. पानगळ, साइटची लिंक देता का, एकदा बघून सांगतो.

पानगळ:
व्यनि केलाय. डाउनलोडला नाव आणि ईमेल भरावं लागेल, साधा फॉर्म आहे, आम्हाला कळतं कोण वाचतंय ते.

शून्यमध्य:
हा फॉर्म आधी काढा!! वाचायला नोंदणी लागते म्हटल्यावर त्याला ओपन कसं म्हणायचं? कोण वाचतंय ते सर्व्हरच्या आकडेवारीतून अंदाजाने कळतं तेवढं बस. आणि तळाला "सर्व हक्क राखीव" लिहिलंय, थीमबरोबर आलं असेल पण वर सीसी बाय आणि खाली सर्व हक्क राखीव, वाचणाऱ्याने कशावर विश्वास ठेवायचा? लायसन्स प्रत्येक लेखाच्या पीडीएफमध्येही टाका, पीडीएफ साइटवरून सुटून एकटीच फिरत असते.

बोरूबहाद्दर:
सीसी बाय म्हणजे कोणीही तुमचे लेख छापून विकणार, चालेल का?

निवडुंग:
विकू दे, नाव मूळ लेखकाचंच द्यावं लागेल. ओपन अ‍ॅक्सेसच्या २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यात हेच आहे, बंधन एकच, श्रेय द्या आणि लेखाची मोडतोड करू नका. लेखकांना फार भीती वाटत असेल तर सीसी बाय-एनसी घ्या, त्यात धंद्यासाठी वापर चालत नाही, डीओएजेला तेही चालतं. पण काय घेतलंय ते लेखकाला आधी सांगा, नंतर नको.

पानगळ:
बरं, फॉर्म काढला, फूटर काढायला सांगितलंय. लेख वेगळे करायला डिझायनर परत पैसे मागतोय. डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) आत्ताच घ्यावेत का? आयएसएसएन काढताना जर्नलचं नाव जरा वेगळं होतं, नंतर आम्ही उपशीर्षक पुढे आणलं, त्याने काही बिघडत नाही ना?

खिळेकरी:
बिघडतं. आयएसएसएन पोर्टलवरचं नाव आणि साइटवरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे, अर्जात ते तपासतात. एक तर जुनं नाव परत लावा नाहीतर तुमच्या आयएसएसएन केंद्राला बदल कळवा, नाव खूपच बदललं असेल तर ते नवा क्रमांकही देतात. डीओआय क्रॉसरेफ या नोंदणी संस्थेकडून मिळतील, वर्षाची वर्गणी आणि शिवाय डीओआयमागे थोडी फी असते. पण लेखांची पानं कायमच्या पत्त्यावर गेली की मगच घ्या, डीओआय घेऊन झाल्यावर साइट हलवलीत तर प्रत्येक पत्ता परत नोंदवत बसाल. जुनं नाव काय होतं?