बीव्हरला ‘पाणमांजर’ म्हणावं का?

दौत: उत्तर अमेरिकेतल्या नदीकाठच्या प्राण्यांवरचा मजकूर मराठीत आणतोय. एक वाक्य असं: ‘बीव्हरने सोडलेल्या घरात मिंक मुक्काम करतो.’ बीव्हरला पाणमांजर आणि मिंकला जलमुंगूस लिहिलं. संपादकांनी दोन्ही शब्द खोडले. मग लिहावं काय?

रानवाट: खोडले ते बरोबरच. पाणमांजर म्हणजे ऑटर. मासे खाणारं, आपल्या नद्या-खाड्यांत राहणारं. बीव्हर माशाला तोंडही लावत नाही. झाडाची साल, कोवळ्या फांद्या, पाणवनस्पती हे त्याचं खाणं. तो उंदीर-खारींसारखा कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी. पुढच्या दातांची दर्शनी बाजू लोहामुळे नारिंगी आणि टणक असते, मागची मऊ बाजू आधी झिजते, म्हणून धार पटाशीसारखी राहते. मिंक आणि पाणमांजर मात्र एकाच कुळातले. शब्द उसना द्यायचाच तर तो मिंकला द्या. मुंगसाचं कूळ दोघांहून वेगळं.

बोरू: हिंदीत बीव्हरलाही ‘ऊदबिलाव’ छापलेलं दिसतं, घोळ तिथून आला. ऊद म्हणजे संस्कृत ‘उद्र’, पाण्याशी नातं असलेला शब्द. पण मराठीत ‘उदमांजर’ म्हणाल तर ते झाडावरचं. त्यातला ऊद धुपाचा असावा, त्या प्राण्याच्या वासावरून.

रानवाट: धुपाचं पटत नाही. नुसत्या ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभी राहत नाही.

बोरू: बरं, मग ‘बभ्रु’ घ्या. संस्कृतात तपकिरी, आणि मुंगूसही. बीव्हर हा इंग्रजी शब्द त्याच मुळाचा. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, ‘बव्र’ म्हणजे बीव्हरच. त्यातल्या अनाहिता या जलदेवतेचं वस्त्र त्याच्याच कातड्यांचं आहे.

चावडी: बभ्रु वाचून लोकांना बभ्रुवाहन आठवेल, झाड पाडणारा प्राणी नाही. बीव्हर आणि मिंक तसेच ठेवा. मिंक ब्लँकेट घरोघरी आहे, भले ते पॉलिएस्टरचं असो.

रानवाट: ‘घर’ही नेमकं नाही. फांद्या आणि चिखलाचा ढीग, आत कोरडी जागा, वाट पाण्याखालून. किलो-दीड किलोचा मिंक तिथून सहज शिरतो. ‘खोप’ म्हणा.

दौत: पुढे बीव्हरचा ‘डॅम’ आहे. धरण?

चावडी: नको. धरणाला सांडवा लागतो. इथे पाणी वरून आणि फटींतून वाहतंच. बंधारा!

बोरू: बंधारा माणसं घालतात. ‘बांध’ लिहा.

चावडी: बांध शेताचा. गावकरी झुडपं-मातीचा कच्चा बंधारा घालतात, बीव्हरचं काम हुबेहूब तसंच. पाणी उतरलं तर खोपीची वाट उघडी पडते, लांडगा येतो. हिवाळ्यात तर बर्फाखाली पोहून साठवलेल्या फांद्या आणायला पाणी खोल हवंच. वाहत्या पाण्याचा आवाज आला की बीव्हर भगदाड बुजवायला धावतो.

बोरू: तरी बांधच. क्रियापद ‘बांधणे’ आहे, ‘बंधारणे’ नाही.

दौत: आणि मिंक?