विषय: नोकरी गेली, एच-१बीवर आहे. वकील कोणता गाठू?

नमस्कार मंडळी,

काल कंपनीने कामावरून कमी केलं. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर पाचवं वर्ष, बायको आणि मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेलं आय-१४० मंजूर होऊन वर्ष झालं. कंपनीच्या वकिलांना फोन केला, तर ‘एचआरशी बोला’ एवढंच उत्तर मिळालं. पासपोर्टवरचा व्हिसा पुढच्या वर्षापर्यंत आहे, म्हणजे तोवर राहता येतं ना? रात्रभर डोळा लागला नाही. कुणी सांगेल का?

---

दादा,

नाही, तोवर राहता येत नाही. पासपोर्टवरचा शिक्का देशात शिरण्यापुरता. राहण्याची मुदत आय-९४वर, म्हणजे देशात शिरतानाच्या सरकारी नोंदीवर असते. नोकरी संपली की जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. कामावरून काढताना मिळणारे पैसे (सेव्हरन्स) एकरकमी मिळाले म्हणून दिवस वाढत नाहीत. पत्रात नोकरीचा शेवटचा दिवस कोणता लिहिलाय, ते आधी पाहा.

आज रात्रीच तिघांची आय-९४ सीबीपी या सीमा तपासणी खात्याच्या साइटवरून उतरवून घ्या. हे मी भोगलंय. माझा पासपोर्ट संपत आला होता, म्हणून विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्टच्या तारखेपर्यंतच मुदत दिली. मी आय-७९७ या मंजुरीच्या पत्रावरची लांबची तारीख बघून निर्धास्त. कंपनीच्या वकिलाने कधी विचारलंच नाही. तीन आठवडे उरले असताना मी स्वतः पैसे देऊन गाठलेल्या वकीलबाईंच्या ते लक्षात आलं, आणि अर्ज वेळेत गेला.

म्हणून कळकळीने सांगते, वकील तुमचा स्वतःचा हवा. इमिग्रेशनचा कायदा फेडरल आहे, त्यामुळे दुसऱ्या राज्यातला वकीलही चालतो. त्याचं लायसन्स त्या राज्याच्या बारच्या (वकिलांची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेच्या) साइटवर तपासा. तुमच्या वतीने उभा राहणारा वकील जी-२८ हा तसं कळवणारा फॉर्म भरतो. ‘कन्सल्टंट’ म्हणवून फॉर्म भरून देणाऱ्यांना कायद्याचा सल्ला देण्याचा अधिकार नसतो, तो वकिलाला किंवा न्याय खात्याची मान्यता असलेल्या प्रतिनिधीलाच. कोऱ्या फॉर्मवर सही तर कुणालाच देऊ नका.

नव्या कंपनीची एच-१बी पिटिशन (अर्ज) या मुदतीत दाखल झाली, की मंजुरीची वाट न पाहता तिथे काम सुरू करता येतं. तसं जमत नसेल तर मुदतीच्या आत आय-५३९ हा स्टेटस बदलण्याचा फॉर्म भरून बी-२ (पर्यटकाचं) किंवा दुसरं स्टेटस मागता येतं, पण बी-२वर नोकरी नाही. आणि एक दिलासा: आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटलेत, त्यामुळे कंपनीने नुसतं मागे घेतलं म्हणून ते रद्द होत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख टिकते.

रिसीट नंबर, पासपोर्टचे फोटो इथे टाकू नका. मला वेगळी मेल करा, रात्री फोनवर बोलू.

---

ताई,

तिघांची उतरवली. आमच्या दोघांची ठीक आहेत. मुलीचा पासपोर्ट पाच वर्षांचाच होता, तिची तारीख आजपासून ४१व्या दिवशी संपते. मी कधी उघडून पाहिलंच नव्हतं. उद्या सकाळी नऊला एका वकिलांची वेळ मिळालीय, पहिला प्रश्न हाच विचारतो. रात्री फोन करतो.