कुंडीतला शंकासुर फुलत का नाही?

प्रश्न (गोरेगाव)
सोसायटीच्या कुंपणालगतच्या शंकासुराच्या शेंगांमधील बी लावून वाढवलेले रोप आमच्या पूर्वेकडील गॅलरीत बारा इंची कुंडीत आहे. ते आता माझ्या डोक्याच्याही वर गेले असून पाला भरपूर आहे, परंतु अजून एकही तुरा आलेला नाही. ऊन सकाळी दहापर्यंतच मिळते. दर महिन्याला थोडा युरिया घालतो. पावसाळ्यात खालची पाने पिवळी पडून गळतात. छाटणी करावी का, आणि केव्हा?

उत्तर (मुलुंड)
युरिया आधी बंद करावा, कारण नत्र जास्त झाले की झाड पाला वाढवत राहते. त्याऐवजी शेणखत आणि थोडे बोनमील पुरे. शंकासुराचे तुरे नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात, म्हणून फेब्रुवारीअखेर झाड निम्म्यापर्यंत छाटावे; फांद्यांना काटे असतात, हातमोजे घालावेत. फुटलेल्या फांद्यांवर कळ्या खालून वर उमलत जातात आणि लाल पाकळ्यांची पिवळी, चुरगळलेली कड व बाहेर झेपावणारे दहा लांब पुंकेसर पाहिले की गुलमोहराशी असलेले नाते सांगावे लागत नाही. पाने पिवळी पडण्याचे कारण बहुधा साचलेले पाणी असावे. कुंडीखालची ताटली पावसाळाभर काढून ठेवावी आणि तळाचे भोक मुळांनी बुजले आहे का, तेही पाहावे.

उत्तर (बोरिवली)
वरील उत्तराशी सहमत आहे, मात्र छाटणीच्या आधी उन्हाचा प्रश्न सोडवायला हवा असे मला वाटते. या झुडपाला निदान पाच-सहा तास थेट ऊन लागते. ते नसेल तर छाटल्यावरही पुन्हा पालाच येईल. सोसायटीने परवानगी दिली तर कुंडी गच्चीवर न्यावी आणि त्याच वेळी ती मोठी करावी, कारण जमिनीत आठ-दहा फूट वाढणाऱ्या झुडपाला बारा इंच अपुरेच. फुले येऊ लागली की सुकलेले तुरे शेंगा धरण्याआधी खुडावेत, म्हणजे बहर लांबतो. शेंगा ठेवल्याच, तर बी विषारी असल्याने घरातील लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

उत्तर (विलेपार्ले)
गच्ची मिळणार नसेल तर शंकासुराशी भांडत बसण्यापेक्षा पांढरा कांचन लावावा, हे माझे स्पष्ट मत. तोही याच कुळातला आहे, पाने आपट्यासारखी दुभंगलेली असतात आणि अर्धवट उन्हातही तो बऱ्यापैकी फुलतो. कुंडीत त्याला दरवर्षी छाटून कमरेइतका ठेवता येतो. तुमचे सध्याचे रोप मात्र फेकू नका; सोसायटीच्या कुंपणालाच, त्याच्या मूळ झुडपाशेजारी, जून लागताच लावून टाका.