मदत हवी आहे: फास्ट चार्जिंग स्टेशन काढायचंय, पण आधी लोड, आधी करार की आधी मशीन?

मंडळी, नमस्कार.

मी आणि माझा भागीदार मिळून इलेक्ट्रिक गाड्यांसाठी फास्ट चार्जिंग स्टेशन काढतोय. मोठ्या रस्त्याला लागून जागा मिळतेय, भाडेपट्ट्याने. धंदा चालेल की नाही हा प्रश्न नाही, त्यावर आमचं घरी पुरेसं भांडून झालंय. अडलंय ते क्रमावर.

वीज कंपनी म्हणते, जागेचा कागद आणा, मग लोडच्या (म्हणजे जागेला किती वीज मंजूर होणार त्याच्या) अर्जाचं बघू. जागामालक म्हणतो, लोड मंजूर झाल्याचं पत्र दाखवा, मग सही करतो. बांधकाम परवानगीवाल्यांना नकाशावर ट्रान्सफॉर्मर आणि पॅनल नेमके कुठे ते हवंय, आणि ते ठरणार वीज कंपनीचा माणूस जागा बघून गेल्यावर. तिघांचंही आपापल्या जागी बरोबर आहे, म्हणून कुणावर चिडताही येत नाही. यातली पहिली गाठ कुठली सोडवायची?

दुसरं मशीनचं. विक्रेत्याचा आग्रह आहे की 120 किलोवॅटची दोन मशिनं घ्या, प्रत्येकाला दोन गन (गाडीत खुपसायची केबलची तोंडं). दोन गाड्या लागल्या की 60-60 वाटून, एकटी असली तर तिला पूर्ण 120. आता हिशेब बघा. बाहेर 240 किलोवॅट द्यायचे, 95 टक्के कार्यक्षमता धरली तर आत 253 लागतात, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) 0.98 धरला की 258 केव्हीए, ट्रान्सफॉर्मर ज्या मापात मोजतात ते. दिवे, कॅमेरे वेगळेच. म्हणजे 250 चा ट्रान्सफॉर्मर गेला, 315 चा आला, आणि महिन्याचा डिमांड चार्जही (युनिटांखेरीज, मागणीच्या केव्हीएवर लागणारा आकार) त्याच मापाने. चारही गन एकदम पूर्ण जोरात चालतील असे क्षण किती येणार? बऱ्याच गाड्या मुळात 50-60 च्या वर घेत नाहीत, आणि बॅटरी 80 टक्क्यांच्या पुढे गेली की घेण्याचा वेग पडतोच.

त्यात माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडलं: केबल 200 अँपिअर. 400 व्होल्टच्या गाडीला 200 अँपिअरने 80 किलोवॅटच मिळणार ना? मग ‘पूर्ण 120’ मिळायला गाडी 600 व्होल्टच्या वरची हवी. हे विचारल्यावर विक्रेत्याचं उत्तर: ‘साहेब, एवढं कोणी बघत नाही.’

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगावं ही विनंती.

प्रतिसाद 1

कोंडी करारानेच फुटते. मालकाशी सशर्त करार करा: आज सही, पण भाडं आणि ताबा लोड मंजूर झाल्यावर. अमुक मुदतीत मंजुरी आली नाही तर दोघंही मोकळे. शिवाय वेगळं संमतीपत्र घ्या, वीज कंपनीला नुसत्या पाहणीसाठी तेवढं चालतं का ते विचारून बघा.

करारात लोक भाड्यावर घासाघीस करतात आणि खरी कलमं विसरतात. ट्रान्सफॉर्मरची जागा कुठली, केबलची चर कुठून जाणार, रात्री-अपरात्री दुरुस्तीला आत शिरता येईल का, करार संपल्यावर जमिनीखालची केबल कोणाची, आणि मालकाने जमीन विकली तर नवा मालक हे सगळं पाळणार का. हे लिहून घ्या.

पाहणीला माणूस आला की ‘लोड मिळेल का’ एवढंच विचारून थांबू नका. कुठल्या फीडरवरून (उपकेंद्रातून येणाऱ्या मुख्य लाईनवरून), तिथे शिल्लक किती आणि लाईन आणायला रस्ता खणावा लागेल का, हे विचारा. खणायची परवानगी रस्ता ज्याच्या ताब्यात त्याची असते, वीज कंपनीची नाही. जागेत गाड्या आत-बाहेर करायचा फाटा हीसुद्धा त्याच दारात वेगळी परवानगी. बहुतेकांचं वेळापत्रक इथेच कोसळतं. तोवर मशीनला आगाऊ रक्कम देऊ नका, वॉरंटी गोदामातच संपायला लागते.

प्रतिसाद 2

केबलचा हिशेब तुमचा अचूक आहे. उलट 400 व्होल्टची म्हणतो ती गाडी बॅटरी उतरलेली असताना 350 च्या आसपास असते, म्हणजे 70 च हातात. मशीनचा आकडा आणि गनचा आकडा नेहमी वेगवेगळे मागून घ्या. फार जास्त अँपिअर हवे असतील तर द्रवाने थंड होणारी केबल लागते, ती महाग आणि तिची देखभाल वेगळी.

लोडचं म्हणाल तर पूर्ण 240 मागू नका. ओसीपीपीमध्ये (चार्जर आणि त्याला हाकणारं सॉफ्टवेअर ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात ती) स्मार्ट चार्जिंगची सोय असते, त्यातून चारही गन मिळून 150 किलोवॅटच्या वर जायचं नाही अशी मर्यादा घालता येते. मग तुमच्याच हिशेबाने 161 केव्हीए होतात, 200 च्या ट्रान्सफॉर्मरवर निभावतं. अट एकच: नेट गेलं तरी मर्यादा जागेवरच पाळली गेली पाहिजे. हे लेखी घ्या आणि चाचणीच्या दिवशी राउटरची वायर काढून बघा. एकदा जरी मंजूर डिमांड ओलांडली गेली तर बिलात दिसतं.

ट्रान्सफॉर्मरचा चौथरा मात्र 315 चाच बांधा आणि चर उघडी आहे तोवर दोन रिकामे पाइप जास्तीचे टाका. पुन्हा खणणं म्हणजे पुन्हा परवानगी.

प्रतिसाद 3

नकाशा सादर करण्याआधी मोकळ्या जागेत चुन्याने रेषा मारा आणि वेगवेगळ्या गाड्या आणून उभ्या करा. कोणाचं चार्जिंगचं तोंड नाकावर, कोणाचं मागच्या बाजूला. केबल चार-पाच मीटरची असली तरी मशीन कोपऱ्यात ठेवलं की निम्म्या गाड्यांना पोचत नाही. मशीनसमोर लोखंडी खांब हवेतच, पण गन काढायला हात जाईल इतक्या अंतरावर. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला पडदा वाचता येईल का तेही तेव्हाच बघा. नंतर बदललात तर सुधारित नकाशा, म्हणजे रांगेत परत शेवटी.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सशर्त कराराला मालक तयार झालाय. 150 ची मर्यादा भागीदारालाही पटली, विक्रेत्याला अर्थातच नाही. आता नवं: ट्रान्सफॉर्मरपुरता तुकडा वीज कंपनीला स्वतःच्या नावे भाडेपट्ट्याने हवाय, आणि ‘माझ्या जमिनीत तिसरा कोणी नको’ म्हणून मालक अडून बसलाय. जमीन न देता फक्त ये-जा आणि देखभालीचा हक्क देऊन कोणाचं काम झालंय का? तसा मसुदा असेल तर नावं खोडून इथे टाकाल का?