कोकणात इलेक्ट्रिक गाडी : दोष गाडीचा की आखणीचा?

पनवेलचा प्रवासी : ‘इलेक्ट्रिक गाडीने कोकणात जाणे म्हणजे सुट्टी चार्जरच्या रांगेत घालवणे’ हे येथील कालचे विधान वाचून राहवले नाही. निघताना बॅटरी पूर्ण भरलेली असावी, वाटेत जेवणाच्या वेळी डीसी (जलद) चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंतच भरावी (त्यापुढे वेग मंदावतो आणि मागचा माणूस ताटकळतो) आणि उरलेले काम मुक्कामी १५ अँपिअरच्या सॉकेटवर सोपवावे. ताशी ३ युनिट धरले, तरी रात्रभरात ३० युनिट मिळतात.

गुहागरकर : महामार्ग सोडल्यावर काय? चिपळूण ते गुहागर सुमारे ४५ किलोमीटर, तेवढेच परतीचे, शिवाय चार्जरची गन (गाडीला जोडायचा प्लग) बंद निघाली तर पुढचे ठिकाण गाठण्याइतकी शिल्लक हवी. आणि ज्या सॉकेटचा तुम्हाला एवढा भरवसा आहे, त्याला गाडी जोडताच आमच्या गावच्या घरी गाडीच्या चार्जरवर लाल दिवा लागला, कारण जांभ्या कातळावरच्या घराचे अर्थिंग उन्हाळ्यात कोरडे पडते.

देवगडचा वायरमन : मग तो दोष गाडीच्या माथी का मारता? अर्थिंग नसेल तर त्या घरातला फ्रीज आणि पाण्याचा पंपही धोक्याचाच असतो. लाल दिव्याने तुम्हाला वेळीच सावध केले.

गुहागरकर : घर कसे राखावे हे आम्हाला शिकवू नका. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी ओतल्यावर दिवा हिरवा झाला, हे खरे. पण प्रवासाला निघालेल्या माणसाने आधी खड्डा खणावा काय?

मालवणची यजमान : तुम्ही दोघेही घरमालकाला विसरलात. आमच्याकडे पाहुणे न विचारता पंपाच्या सॉकेटला गाडी लावतात, मग दोन खोल्यांचे एसी सुरू झाले की एमसीबी (भार वाढल्यावर वीज तोडणारा स्विच) पडतो आणि सगळे घर अंधारात जाते. वीजबिलाचा विषय काढला, तर ‘मोबाइल चार्ज करण्याचे पैसे घेता का?’ असे एकाने ऐकवले. ३० युनिट म्हणजे मोबाइल नव्हे! शेवटी वाढीव मंजूर भार घेऊन अंगणात गाडीसाठी स्वतंत्र लाईन आणि सबमीटर बसवला. खोली ठरवतानाच विचारा, एवढेच मागणे आहे.

पनवेलचा प्रवासी : हे मान्य. गणपतीच्या गर्दीत चार्जर अपुरे पडतात, हेही मान्य करतो. पण त्या एका आठवड्यावरून वर्षभराचा निकाल देऊ नये.

गुहागरकर : आम्हा चाकरमान्यांना वर्षातून तोच आठवडा गावी जायला मिळतो. आम्ही गाडी त्याच आठवड्यावरून निवडणार.