ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात ४० मिनिटं मिळालीत. डिजिटल सुगम्यतेबद्दल काय दाखवू?

वाचनालयातली ताई
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावी 'ब' वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. जूनमध्ये एक दृष्टिहीन मुलगा सभासद व्हायला आला, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. आमच्या संकेतस्थळावरची नव्या पुस्तकांची यादी त्याने मोबाइलवर उघडली आणि म्हणाला, "मॅडम, पान कोरं आहे." ती यादी मीच केली होती. प्रिंट काढली, शिक्का मारला, स्कॅन करून चढवली. डोळ्यांना सगळं दिसत होतं म्हणून मला कधी शंकाच आली नाही.

त्या दिवसापासून हा विषय, म्हणजे संकेतस्थळं आणि फाइली सगळ्यांना वापरता येणं, डोक्यातून जात नाही. जिल्हा ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात बोलू द्या म्हणून मागे लागले, ४० मिनिटं मिळाली. समोर पन्नास-साठ ग्रंथपाल असतील, बरेचसे एकट्याने वाचनालय सांभाळणारे. त्यांना काय दाखवू? आणि "आपल्याकडे असे वाचक येतातच किती?" असं विचारणाऱ्या कार्यकारिणीला काय सांगू?

कानांनी वाचतो
ताई, आधी त्या मुलाच्या वतीने आभार. मी जन्मांध आहे, बँकेत नोकरी करतो.

स्लाइड दाखवू नका, ऐकवा. लॅपटॉपवर एनव्हीडीए घाला. हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम, मोफत आहे, २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी सुरू केला. त्यातला ईस्पीकचा मराठी आवाज यांत्रिक वाटेल, पण आम्हाला सवय आहे. प्रोजेक्टर बंद ठेवा आणि सभागृहात बसलेल्यांच्याच वाचनालयांच्या याद्या, नियमावल्या, वार्षिक अहवाल एकेक करून उघडा. स्कॅन केलेली फाइल म्हणजे नुसतं चित्र, ती गप्प बसेल. दुसरी बडबडेल, पण मराठी नाही. कारण फाँट. कृतीदेव या जुन्या फाँटमध्ये 'मराठी' टाइप केलं की पडद्यावर मराठी दिसतं, आत मात्र ई-जे-के-बी-एच ही रोमन अक्षरं साठवलेली असतात. श्रीलिपीच्या जुन्या फाँटांचंही तेच, रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. स्क्रीन रीडर आतलं वाचतो. हे एकदा कानावर पडलं की युनिकोड, म्हणजे देवनागरी अक्षरं देवनागरी म्हणूनच साठवायची पद्धत, कशाला हवं ते समजावत बसावं लागत नाही.

आणि आमच्यापैकी कोणाला तरी व्यासपीठावर बोलवा. त्याच मुलाला विचारा. येण्याजाण्याचा खर्च आणि मानधन द्या, इतर वक्त्यांना देता तसंच.

महाविद्यालयीन ग्रंथपाल
वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. कार्यकारिणीसाठी मुद्दे देते.

"किती येतात" हा प्रश्नच उलटा आहे. कोरी पानं मिळतात म्हणून येत नाहीत. शिवाय यात फक्त दृष्टिहीन नाहीत. डिस्लेक्सिया असलेली मुलं, हाताने पुस्तक धरता न येणारे, मोतीबिंदू झालेले जुने सभासद हेही आहेत. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या पाच सूत्रांतलं 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' आपण सगळ्यांनी परीक्षेत लिहिलंय. ते १९३१ सालापासून यांच्यासाठीही आहेच.

कायदा: दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६. त्याच्या नियमांतली सुगम्यतेची मानकं नुसत्या शिफारशीसारखी ठेवून चालणार नाहीत, बंधनकारक करा, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात केंद्राला सांगितलं. पुस्तक स्कॅन करून दिलं तर प्रताधिकाराचा भंग होईल, ही भीती फार ऐकू येते. प्रताधिकार कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये दिव्यांग वाचकांसाठी सुगम्य प्रत करायची मुभा दिली आहे. नफा घ्यायचा नाही आणि प्रत इतरांच्या हाती जाऊ द्यायची नाही, एवढं पाळा. अशा सुगम्य प्रतींसाठीचा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारत होता, २०१४ साली. हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं याचं मला फार वाईट वाटतं.

मात्र भाषणाची सुरुवात कायद्याने करू नका, माणसं बंद होतात.

वाचनालयातली ताई
कृतीदेवचं उदाहरण वाचून मी लगेच आमच्या फाइली उघडल्या. २०१९ पर्यंतचे सगळे अहवाल तसेच आहेत!

एक शंका. त्याला हवी असलेली पुस्तकं ओसीआर करून, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेऊन, देता येतील का? जुन्या छपाईची आहेत.

कानांनी वाचतो
आधी सुगम्य पुस्तकालयात शोधा. २०१६ पासून सुरू असलेलं ऑनलाइन ग्रंथालय आहे, फक्त छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी. त्याला तिथलं सभासदत्व मिळवून द्यायला मदत करा, दिव्यांगत्वाचा दाखला जवळ ठेवा. तिथे नसेल तरच ओसीआर. गूगल ड्राइव्ह आणि टेसरॅक्ट दोन्ही मराठी ओळखतात. स्वच्छ छपाई असेल तर काम भागतं. खिळ्यांच्या जुन्या छपाईत मात्र रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, कोणीतरी वाचून दुरुस्त करावंच लागतं. सगळं कपाट स्कॅन करत बसू नका. जो वाचक जे मागेल ते आधी.

वर्ग घेणारे सर
मी ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र वर्गाला शिकवतो. वर्गीकरण, तालिकीकरणाला भरपूर तास असतात, या विषयाला मी स्वतः जेमतेम एक देतो. त्यात माउस काढून घेतो आणि फक्त टॅब व एंटरच्या कळांनी ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, पुस्तक शोधायला लावतो. दहा मिनिटांत मुलांना कळतं की अडचण वाचकात नाही, पानात आहे. ताई, तुमच्या ४० मिनिटांतली दहा याला द्या.

अधिवेशनात ठरावही मांडा: प्रमाणपत्र वर्गात या विषयाचे निदान चार तास, प्रात्यक्षिकासह. भाषण विसरलं जातं, ठराव इतिवृत्तात राहतो आणि पुढच्या वर्षी त्याबद्दल विचारता येतं.

संकेतस्थळ करून घेताना करारातच लिहा की एनव्हीडीए आणि नुसत्या कीबोर्डने चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. आमच्या ओळखीच्या एका वाचनालयाने हे नंतर सांगितलं, तेव्हा ठेकेदाराने वेगळे पैसे मागितले.

वाचनालयातली ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. ठराव आजच लिहायला घेते, सर, मसुदा इथेच टाकते, तपासून द्याल ना? त्या मुलाला फोन केला होता. यायला तयार आहे, पण म्हणाला, आधी यादी नीट करा, मग बोलू. युनिकोडमध्ये टाइप करून दुपारी पाठवली. १४२ पुस्तकं. त्यातली तीन त्याने मागून घेतलीत.