'डेथ' या बँडचे श्रेय नेमके कोणाचे? चक शुल्डिनरला 'जनक' म्हणावे का?

मंद्रसप्तक (धागालेखक)

दरवर्षी १३ डिसेंबर जवळ आला की चक शुल्डिनर या अमेरिकन गिटारवादकाची छायाचित्रे जिकडेतिकडे झळकू लागतात आणि त्यांच्याखाली हमखास एकच ओळ असते : 'डेथ मेटलचा जनक' (डेथ मेटल म्हणजे घशाच्या तळातून ओरडून गायला जाणारा, हेवी मेटल संगीताचा एक आक्रमक प्रकार). २००१ साली याच तारखेला, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, मेंदूतील गाठीच्या आजाराने तो गेला. त्याच्या 'डेथ' या बँडचे सातही अल्बम मी पारायणे केल्यासारखे ऐकलेले आहेत, त्यामुळे पुढचे लिखाण कोणी द्वेषातून आलेले समजू नये. पण हे बिरुद मला पटत नाही.

पहिला मुद्दा कालक्रमाचा आहे. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील 'पझेस्ड' या बँडने १९८४ साली जो डेमो (अल्बमआधीची नमुन्याची कॅसेट) काढला, त्याचे नावच 'डेथ मेटल' असे होते. त्यांचा 'सेव्हन चर्चेस' हा अल्बम १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये आला आणि त्यातील शेवटच्या गाण्याचे नावही तेच आहे. गायक व बासवादक जेफ बेसेरा आणि गिटारवादक लॅरी लालॉन्ड हे तेव्हा शाळकरी होते. रेकॉर्डिंग ईस्टरच्या सुटीत उरकले गेले. 'डेथ'चा पहिला अल्बम 'स्क्रीम ब्लडी गोर' आला तो १९८७ च्या मे महिन्यात, त्याच 'कॉम्बॅट' कंपनीकडून आणि त्याच रँडी बर्न्स या निर्मात्याच्या देखरेखीखाली. पझेस्डचे ऋण खुद्द शुल्डिनरने कधी लपवले नाही. मग बारसे एकाने करायचे आणि बापाच्या जागी नाव दुसऱ्याचे लावायचे, हा कुठला न्याय?

दुसरा मुद्दा असा की १९८३ साली फ्लोरिडात 'मँटास' या नावाने हा बँड सुरू झाला, तेव्हा त्यात तिघे होते. शुल्डिनर आणि दुसरा गिटारवादक रिक रॉझ यांच्याइतकाच ड्रम वाजवता वाजवता गाणारा कॅम ली हाही त्यात होता आणि सुरुवातीच्या डेमोंतील तो घशाच्या तळातून आलेला आवाज पुष्कळ अंशी त्याचा आहे.

माझे म्हणणे एवढेच की जनकत्व काढून घेतले तरी शुल्डिनरचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही, कारण त्याचे खरे कर्तृत्व आरंभात नसून पुढच्या वाटचालीत आहे. बहुतेक बँड एकदा चाल सापडली की आयुष्यभर तीच गिरवतात. याने १९८७ ते १९९८ या अकरा वर्षांत सात अल्बम केले आणि प्रत्येक वेळी आदल्या अल्बममधले काहीतरी हातचे सोडून दिले. 'स्क्रीम ब्लडी गोर'मध्ये भयपटांतले रक्त आणि आतडी आहेत. एका गाण्याचे नाव तर सरळ 'ईव्हिल डेड' आहे. तीनच वर्षांनी आलेल्या 'स्पिरिच्युअल हीलिंग'मध्ये दूरचित्रवाणीवर श्रद्धा विकणारे धर्मोपदेशक, गर्भपाताचा वाद आणि जन्मतःच कोकेनचे व्यसन घेऊन आलेले मूल हे विषय आहेत. लिहिणारा माणूस तोच, आणि वय तेवीससुद्धा पुरते झालेले नव्हते.

रिळवाला

धागालेखकांचा अभ्यास दांडगा आहे, पण निष्कर्ष मला साफ अमान्य आहे.

नाव देणे आणि वस्तू घडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सेव्हन चर्चेस' आज पुन्हा ऐकून पाहा. आरंभी 'एक्सॉर्सिस्ट' चित्रपटाशी जोडली गेलेली ती घंटांची धून वाजते आणि मग जे सुटते ते थ्रॅशच (मेटलचा आधीपासूनचा वेगवान प्रकार) आहे. वेग थोडा जास्त, आवाज अधिक खरखरीत आणि विषय अधिक काळे, एवढाच फरक. याउलट 'स्क्रीम ब्लडी गोर' ऐकताना थ्रॅशचे बोट सुटल्याचे स्पष्ट जाणवते. 'झॉम्बी रिच्युअल'च्या सुरुवातीची ती रेंगाळणारी, थोडी आजारी वाटणारी सुरावट आणि मग अंगावर येणारा तो लोंढा यांत पुढच्या दहा वर्षांच्या बँडांची बाराखडी आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी शुल्डिनर एकोणीस वर्षांचा होता आणि गिटार, बास व गायन ही तिन्ही कामे त्याने एकट्याने केली. सोबतीला फक्त ड्रमवर ख्रिस राइफर्ट. वेष्टनावर आणखी एका गिटारवादकाचे छायाचित्र आहे खरे, पण त्याने अल्बममध्ये एक सूरही वाजवलेला नाही.

शिवाय आपण तारखांचा हिशेब अल्बमवरून का मांडता, हे मला कळलेले नाही. त्या काळी हे संगीत दुकानातून पसरतच नव्हते; ते टपालाने पसरत होते. मुले घरी कॅसेटवरून कॅसेट उतरवून अनोळखी पत्त्यांवर देशोदेशी पाठवत होती. 'डेथ बाय मेटल' आणि 'रेन ऑफ टेरर' हे डेमोही १९८४ चेच आहेत, म्हणजे पझेस्डच्या डेमोच्याच वर्षाचे. आपलाच पुरावा आपल्यावर उलटतो आहे.

आणि परिणाम पाहायचा तर फ्लोरिडातील टँपा शहराकडे पाहा. १९८८ साली 'डेथ'चा दुसरा अल्बम 'लेप्रसी' तिथल्या मॉरिसाउंड स्टुडिओत झाला. पाठोपाठ त्याच स्टुडिओतून मॉर्बिड एंजल, ओबिच्युअरी आणि डीसाइड यांचे पहिले अल्बम बाहेर पडले आणि ध्वनिमुद्रक स्कॉट बर्न्सचे नाव युरोपातल्या पोरांच्याही तोंडी झाले. असे गाव वसवणाऱ्याला जनक म्हणायचे नाही, तर कोणाला म्हणायचे?

जाता जाता एक आठवण. माझ्याकडची 'लेप्रसी' मित्राने नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून दिलेली होती. अल्बम भरतो एकोणचाळीस मिनिटे आणि कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. त्यामुळे 'चोक ऑन इट' संपले की क्षणभर खरखर होई आणि मित्राच्या आईने आधी भरून ठेवलेल्या नाट्यगीताचा उरलेला तुकडा सुरू होई. आजही ते गाणे संपले की माझे कान ऑर्गनची वाट पाहतात.

तळटीप

आपण दोघेही वेगवेगळ्या रस्त्यांनी एकाच देवळात पोहोचलेले आहात, आणि मला त्या देवळाविषयीच शंका आहे. जनक म्हणा किंवा बंडखोर म्हणा, शेवटी सगळे श्रेय एकाच माणसाच्या पदरात टाकले जाते. बाकीची वीसेक माणसे काय सतरंज्या उचलायला आली होती?

१९९० चा प्रसंग चाहते सहसा सांगत नाहीत, म्हणून सांगतो. युरोपचा दौरा ठरलेला होता आणि व्यवस्था नीट नाही या कारणावरून शुल्डिनरने ऐन वेळी जाण्यास नकार दिला. बासवादक टेरी बटलर आणि ड्रमवादक बिल अँड्र्यूज हे सामान हाताळणाऱ्या सहकाऱ्यांपैकी दोघांना हाताशी धरून गेले आणि त्यांनी तो दौरा पार पाडला. तिकिटे काढलेल्या लोकांसमोर उभे राहण्याचे बक्षीस त्यांना काय मिळाले, तर हकालपट्टी. त्यानंतर शुल्डिनरने कायमस्वरूपी साथीदार ही कल्पनाच मोडीत काढली. अल्बमपुरते वादक घ्यायचे आणि काम झाले की रामराम.

गंमत अशी की ज्या अल्बममुळे तो 'प्रतिभावंत' ठरला, तो अल्बम नेमका अशा पाहुण्यांनी उभा केलेला आहे. १९९१ चा 'ह्यूमन' लावा. पहिल्या गाण्यात, 'फ्लॅटनिंग ऑफ इमोशन्स'मध्ये, आधी गिटार येतच नाही. लांबून कोणी ढोल बडवत जवळ यावे तसे ड्रम हळूहळू मोठे होत येतात, आणि ते पुरते जवळ आल्यावरच बाकीचे आत शिरतात. ते हात शॉन रायनर्टचे आहेत, तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे. तो आणि गिटारवादक पॉल मॅसविडल हे दोघे 'सिनिक' या बँडचे. बासवर 'सेडस'चा स्टीव्ह डिजॉर्जिओ. त्याआधी कोणत्याही डेथ मेटल बँडमध्ये ड्रम असे वाजलेले नव्हते. या मुलांना जॅझची समज होती आणि ती त्यांनी सोबत आणली. पुढच्या अल्बममध्ये ड्रमवर जीन होगलन आणि गिटारवर अँडी लारॉक आले, तिथेही तीच गोष्ट. मालकाच्या नावाची पाटी मोठी असली म्हणून स्वयंपाक त्याने एकट्याने केला असे होत नाही.

उपरा श्रोता

मला या सगळ्यात एक साधी गोष्ट कोणीतरी कबूल करावी असे वाटते. 'ह्यूमन'नंतर जे आले ते उत्तम संगीत असेल, पण ते डेथ मेटल उरले नाही. एड रेप्काने रंगवलेली पहिली तीन मुखपृष्ठे आणि त्यांच्या आतला आवाज एकमेकांना शोभत होते. पुढे आवाज वर वर चढत गेला, गाण्यांना इतके कोन फुटले की मान हलवायची कुठे हेच कळेना. 'लेप्रसी'मधल्या 'पुल द प्लग'मध्ये यंत्रांच्या आधारावर जगवला जाणारा रुग्ण आपली सुटका मागतो. त्या गाण्याला चार साधे हिसके आहेत आणि ते छातीत बसतात. नंतरच्या 'सिम्बॉलिक' या अल्बममधील किती गाणी तशी बसतात?

मंद्रसप्तक

@उपरा श्रोता, 'क्रिस्टल माउंटन' बसते, निदान माझ्या तरी. बाकी आपली तक्रार शुल्डिनरला मान्य झाली असती असे मला वाटते. तो स्वतःला डेथ मेटलचा नव्हे, तर नुसता मेटल वाजवणारा म्हणवून घेत असे. शेवटच्या अल्बममध्ये त्याने जुडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडचे 'पेनकिलर' वाजवले आहे, आणि त्याआधीच जुळवायला घेतलेल्या 'कंट्रोल डिनाइड' या दुसऱ्या बँडमध्ये टिम आयमार या गाणाऱ्या गळ्याच्या माणसाला उभे केले, कारण जे सूर त्याला हवे होते ते त्या ओरडण्यातून निघणार नव्हते. त्या बँडचा एकमेव पुरा झालेला अल्बम १९९९ साली आला आणि त्याच वर्षी आजाराचे निदान झाले.

@रिळवाला, डेमोंचा मुद्दा मी मागे पडू दिला, ही माझी चूक. १९८४ साली देशाच्या दोन टोकांना दोन टोळकी जवळपास एकच गोष्ट शोधत होती, असे म्हणणे अधिक खरे आहे. पण मग त्यातूनही एकच जनक निघत नाही, हे आपण ध्यानात घ्यावे.

@तळटीप, १९९० च्या प्रकरणात मी त्याची बाजू घेणार नाही. लोक तिकिटे काढून बसलेले असताना घरी थांबणे आणि वर गेलेल्यांनाच काढून टाकणे हे वागणे खुजेच होते. परंतु 'ह्यूमन'विषयी आपण अर्धेच सांगितलेत. रायनर्ट आणि मॅसविडल यांनी १९९३ साली स्वतःच्या बँडचा 'फोकस' काढला. तो सुंदर आहे, तरल आहे, आणि 'ह्यूमन'सारखा मुळीच नाही. होगलन त्याआधी 'डार्क एंजल'मध्ये होता, लारॉक गायक किंग डायमंडसोबत होता, आणि या प्रत्येकाचे आधीचे व नंतरचे काम पाहिले तर ते 'डेथ'च्या अल्बममध्ये वेगळेच वाजतात. गाण्याची रचना, कुठे थांबायचे, कुठे एकच सुरावट पुन्हा आणून ऐकणाऱ्याला धीर द्यायचा, हे सगळ्या अल्बमांत सारखे आहे आणि माणसे मात्र दर वेळी वेगळी आहेत. आपल्या स्वयंपाकाच्या दाखल्यातच सांगायचे तर आचारी सात वेळा बदलले, पण आमटीची चव त्याच घराची राहिली.

तळटीप

आमटीचे मान्य. पण मग तीच चव चाखण्यापुरता एक प्रयोग सुचवतो, आणि रिळवाले यांनीही तो करून पाहावा.

'ह्यूमन'च्या १९९१ च्या मूळ आवृत्तीत डिजॉर्जिओचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. गिटार आणि ड्रम यांच्या भिंतीत तो चिणून टाकल्यासारखा आहे. २०११ साली 'रिलॅप्स' कंपनीने हा अल्बम पुन्हा काढला, तेव्हा मॉरिसाउंडच्याच जिम मॉरिस यांनी मूळ ध्वनिफितींवरून त्याचे मिश्रण नव्याने केले. दोन्ही आवृत्त्यांतले 'सुसाइड मशीन' पाठोपाठ ऐका, बऱ्यापैकी हेडफोन लावून. दुसऱ्या आवृत्तीत गिटारच्या खाली एक पूर्ण वेगळी सुरावट चाललेली आहे, ती गिटारला नुसती दुजोरा देत नाही, मध्येच तिच्याशी हुज्जतही घालते. ती काही २०११ साली तयार झालेली नाही. ती पहिल्यापासून तिथेच होती.

२०१२ पासून हेच जुने साथीदार 'डेथ टू ऑल' या नावाने एकत्र येऊन ही गाणी वाजवतात; पहिला दौरा तर आजारी आणि अडचणीतल्या संगीतकारांसाठीच्या निधीकरिता होता. एकट्याचा बँड असता तर त्याच्यामागे ही गाणी वाजवायला इतकी माणसे हक्काने उभी राहिली असती का?

रिळवाला

प्रयोग करून पाहिला. बास आहे, आणि तो हुज्जत घालतो हेही खरे. मात्र नव्या मिश्रणात ड्रमची ती जुनी कोरडी थाप मला सापडली नाही, त्यामुळे मी मूळ आवृत्तीवरच राहीन. जनकाविषयीचे मतही तूर्त बदललेले नाही.